पुंगळीतला तांदूळ

माझं काम काय होतं हे कळलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "मग तुम्ही कधी कुणाला मारलंय का?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा जरा पडतो. मी आयुष्यात रायफल जेमतेम पाच-सहा वेळा खांद्याला लावली असेल, तीही साहेबांनी आग्रह केला म्हणून. मी काडतुसं भरायचो. एका सरकारी दारूगोळा कारखान्याच्या चाचणी विभागात, हाताने, एका वेळी एक.

यंत्रं शेजारच्या इमारतीत होती आणि ती एका पाळीत जेवढी काडतुसं बाहेर टाकत तेवढी मी वर्षभरातही भरली नसतील. तरी आमची खोली होती, कारण सैन्याच्या नेमबाजी संघाला यंत्राची काडतुसं चालत नसत. स्पर्धेत सगळी काडतुसं एकमेकांसारखी लागतात. यंत्र 'जवळपास' सारखी देतं. 'जवळपास'च्या पलीकडचं जे थोडं असतं त्यासाठी सरकार मला पगार देत होतं.

काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडात गोळी. लोक सगळ्यालाच गोळी म्हणतात, म्हणोत. घोडा ओढला की सुई टोपीवर आपटते, दारू पेटते, तिचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. बाकी सगळा तपशील, आणि माझी एकतीस वर्षं त्या तपशिलात गेली.

स्पर्धेच्या गोळीचं असं आहे की हलकी गोळी जोरात पळते, पण वारा तिला सहज बाजूला सारतो. लांबच्या निशाणाला जड गोळी लागते. जड म्हणजे लांबट, कारण नळीची रुंदी ठरलेली. आता ही लांबट गोळी साध्या रायफलीत चालून जाते, कारण तिथे नेमबाज प्रत्येक काडतूस स्वतःच्या हाताने, हळूच आत सारतो. सेमी-ऑटोमॅटिक रायफल तशी सभ्य नाही. ती सुटलेल्या गोळीच्या मागचा थोडा वायू वापरून रिकामी पुंगळी स्वतःच फेकते आणि पुढचं काडतूस ट्रॅक्टरला ट्रॉली जोडताना पिन ठोकावी तसं आत ठोकते. शिवाय काडतुसं मावायला खाली मॅगझिन असतं, त्याची लांबी ठरलेली. म्हणून जड गोळी पुंगळीत खोल बसवावी लागते. खोल बसलेली गोळी दारूची जागा खाते. अशा काडतुसात दारू गच्च, वरून दाबलेली असते. आत मोकळी जागा म्हणून काही उरत नाही. ही एकच गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे लागणार आहे.

गोळी बसवायला हाताचा प्रेस असतो. लिव्हर खाली ओढताना दारूचे कण दाबले जातात आणि बारीक करकर हाताला लागते. कानाला नाही, हाताला. ती करकर प्रत्येक काडतुसाला सारखी आली पाहिजे. वेगळी आली तर काडतूस बाजूला ठेवायचं, कारण विचारत बसायचं नाही. आमच्या जुन्या फोरमननी मला पहिल्या दिवशी काचेच्या पेटीतल्या तराजूत कोरा कागद तोलायला लावला, मग त्यावर पेन्सिलीने सही करायला लावली आणि पुन्हा तोलायला लावला. काटा सरकला. "बघितलंत? तुमच्या नावालापण वजन आहे. दारूत सांडू नका." हा त्यांचा एकमेव विनोद होता आणि त्यांनी तो प्रत्येक नव्या माणसाला एकदाच ऐकवला.

गिऱ्हाइकं विक्षिप्त असायची. एक सुभेदार नेम चुकला की काडतुसाला दोष द्यायचे. एकदा मी त्याच डब्यातली काडतुसं दुसऱ्या डब्यात घातली, वर लाल पट्टी चिकटवली आणि सांगितलं, "ही खास तुमच्यासाठी." त्यांनी पदक आणलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते लाल पट्टीच मागत राहिले आणि मी चिकटवत राहिलो. मोठ्या माणसांना काय लागतं ते मला तेव्हापासून कळतं, असा माझा समज होता. शाल, नारळ, फेटा, दीपप्रज्वलन, मान्यवरांचं मनोगत या सगळ्याकडे मी लांबून, हाताची घडी घालून बघत आलो. कारखान्यातल्या निरोपसमारंभाला तर मी रजा टाकून घरी बसलो होतो.

निवृत्तीनंतर गावी, कऱ्हाटीला आलो. दोन वर्षं वाचन केलं, उसाला पाणी दिलं, पुतण्याच्या ट्रॅक्टरची वायरिंग दुरुस्त केली. मग लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका नव्या कंपनीचे मॅनेजर घरी आले. खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुलं झालं होतं आणि या कंपनीला सेमी-ऑटोमॅटिक रायफलीसाठी जड गोळीचं स्पर्धेचं काडतूस करायचं होतं. मॅनेजरचं नाव मी देशमाने ठेवतो. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगितलेलं बरं. वाईट असता तर लिहिणं सोपं गेलं असतं.

"तात्या, मशीन आम्ही परदेशातून आणू," ते म्हणाले, "पण हात कुठून आणणार?"

हे वाक्य त्यांनी वाटेत गाडीत तयार केलेलं असणार. तरी ते लागू पडलं. दुसऱ्या आठवड्यापासून मी एसटीने बारामती आणि तिथून कंपनीच्या बसने लोणी देवकर असा जाऊ लागलो.

तिथे सुजाता होती. पळसदेवची, तिशी ओलांडलेली. कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल हातात आली आणि सुटलीच नाही. पोलिस भरतीत दोनदा उंचीत बाद झाली. कंपनीत ती चाचणीची नेमबाज होती. मी भरायचं, तिने शंभर मीटरच्या बंद बोगद्यात झाडायचं आणि वहीत लिहायचं. कोणता लॉट कसा वागतो ते मला उपकरणांच्या आधी तिच्या खांद्यावरून कळायचं.

"तात्या, तुमची गोळी लय गुमान हाय. मशीनची गोळी खांद्याला शिव्या देती."

"आणि जड गोळी?"

"ती मास्तरीणबाईवानी. हळू बोलती, पर लागतं."

बारामतीत मुलामुलींसाठी नेमबाजीचं एक प्रशिक्षण केंद्र निघणार होतं. तिथे शिकवायला जायचं तिने मनात धरलं होतं. चालकांशी बोलणं झालं होतं, कंपनीतला अनुभव तेवढा कागदावर हवा होता. "पोरींना शिकवीन," ती म्हणायची, "उंची बघणार न्हाय कुणाची."

आमचं जड गोळीचं काडतूस त्या पावसाळ्यात जमलं. शंभर मीटरवर पाच गोळ्यांची भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जायला लागली. मालकांनी ठरवलं की खंडेनवमीला शस्त्रपूजन करायचं, मोठे पाहुणे बोलवायचे आणि त्यांच्यासमोर मी हाताने काडतुसं भरायची, लगेच सुजाताने ती झाडायची.

देशमाने कार्यक्रमाची पत्रिका घेऊन आले तेव्हा मी फक्त एका गोष्टीवर अडून बसलो.

"निरांजन नाही. उदबत्ती नाही. कापूर नाही. खोलीत दारू आहे."

"तात्या, मग पूजा कशाची करायची?"

"हळद, कुंकू, फुलं. देव चालवून घेईल. दारू चालवून घेणार नाही."

"पाहुण्यांना ओवाळायचं तरी काय घेऊन?"

आठवडाभर मी हटलो नाही. शेवटी त्यांनी सेलवर चालणारं प्लास्टिकचं निरांजन आणलं. बटण दाबलं की त्यातून आरतीही वाजायची. मी तेही तपासलं, ठिणगी पडत नाही याची खात्री केली आणि परवानगी दिली. फार मोठी लढाई जिंकल्यासारखं मला वाटत होतं. आगीच्या सगळ्या वाटा मी बंद केल्या होत्या. तांदूळ माझ्या डोक्यातही आला नाही.

खंडेनवमीला सकाळी आठला मी पोचलो. दारू तोलून छोट्या बाटल्यांत भरून ठेवली. पन्नास पुंगळ्यांना टोप्या बसवल्या आणि त्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत, तोंड वर करून, रांगेने उभ्या केल्या. त्या अजून रिकाम्या होत्या. देशमान्यांनी ठोकळा, प्रेस, गोळ्यांचा डबा आणि रायफल पांढऱ्या चादरीवर मांडली, झेंडूच्या माळा घातल्या.

पाहुणे आले. त्यांच्याबरोबर पाहुण्यांचे पाहुणे आले. पूजा झाली, सेलचं निरांजन वाजलं. अक्षता सगळ्यांच्या हातांत दिल्या होत्या. फोटोत रंग उठून दिसावा म्हणून कुणीतरी त्या ओल्या कुंकवात चांगल्या भिजवल्या होत्या. शेवटच्या मंत्राला लोकांनी त्या लग्नात टाकतात तशा टाकल्या. चाळीस माणसं, आणि मधोमध तोंड वर करून उभ्या असलेल्या पन्नास पुंगळ्या.

मी ते पाहिलं नाही. मंत्र संपत आला तेव्हाच मला व्यासपीठावर बोलावलं होतं. टेबलाकडे माझी पाठ होती, समोर कॅमेरा होता आणि पाहुणे माझ्या खांद्यावर शाल घालत होते. पूजा संपताच सुजाताने रायफल उचलली आणि ती शेजारच्या खोलीत गेली. शस्त्र पूजेतून आलं की त्याच्यातल्या पाकळ्या काढायला हव्यात, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. इकडे माझ्यावर भाषण सुरू झालं. तीन पिढ्यांचा अनुभव, बोटांतलं विज्ञान, मातीतला माणूस. मी ऐकत होतो. चांगलं वाटत होतं, हेही लिहून टाकतो.

खाली उतरून टेबलापाशी आलो तेव्हा चादरीवर लाल तांदूळ दिसला. ठोकळ्यावरही होता. मी ठोकळ्यावर ताट धरलं, सगळं एकदम उलटं केलं आणि थोपटलं. सात-आठ दाणे ताटात पडले.

अशा वेळी काय करायचं ते मला माहीत होतं. प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून डोकवायचं. ओला दाणा आतल्या भिंतीला चिकटतो, उलटं करून पडत नाही. पन्नास पुंगळ्यांना दहा मिनिटं लागली असती.

देशमाने कानाशी आले. "तात्या, प्रोग्रॅम मिनिट टू मिनिट आहे. साहेबांना साडेअकराला इंदापुरात पोचायचंय."

मी शाल सावरून बसलो आणि भरायला घेतलं.

वीस काडतुसं भरायची होती. बाटलीतली दारू ओतायची, गोळी तोंडावर ठेवायची, लिव्हर ओढायची. पाहुणे माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. अर्ध्याच्या पुढे कुठेतरी, तेरावी असेल नाहीतर चौदावी, एका पुंगळीत दारू नेहमीपेक्षा जरा वर आली. अगदी जरा. गोळी ठेवून लिव्हर ओढली आणि करकर वेगळी लागली. जाड. मधेच अडल्यासारखी.

माझा हात थांबला.

"काय झालं?" पाहुण्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि लिव्हर पूर्ण खाली नेली.

त्या दोन शब्दांवर मी पुष्कळ विचार केला आहे. एकतीस वर्षांत शेकडो काडतुसं मी एवढ्याशा शंकेवरून बाजूला ठेवली होती. ते एक बाजूला ठेवायला हात जेमतेम वीतभर हलवावा लागला असता. पण मग पाहुण्यांनी विचारलं असतं, ते का, आणि मला सांगावं लागलं असतं की तुम्ही सगळ्यांनी टाकलेल्या तांदळामुळे. शाल अंगावर असताना ते मला जमलं नाही.

सुजाताने चष्मा लावला, कानांवर मफ चढवले. आम्ही जाड काचेच्या मागे. निशाण मोठ्या पडद्यावर दिसत होतं. पहिल्या दहा गोळ्यांची भोकं एकमेकांत मिसळली आणि दर गोळीला टाळ्या पडू लागल्या. मग एक आवाज वेगळा आला. मोठा नव्हे, आखूड. रायफलीच्या पोटातून धूर खाली फुटला, मॅगझिन उडून जमिनीवर आपटलं आणि सुजाता रायफल न सोडता हळूहळू गुडघ्यांवर बसली.

चष्म्यामुळे डोळे वाचले. डावा हात मॅगझिनपाशी आधाराला होता. मधलं आणि त्याच्या शेजारचं, अशी दोन बोटं गेली. तिला बारामतीला दवाखान्यात नेलं. पाहुणे इंदापूरला गेले, वेळेत पोचले असावेत. मी बोगद्यात एकटाच उरलो तेव्हा पडदा चालूच होता आणि त्यावरचं भोक फार सुबक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उरलेल्या तीस रिकाम्या पुंगळ्या घेऊन बसलो आणि एकेकीत बॅटरी मारली. दोन पुंगळ्यांत लाल दाणे भिंतीला चिकटलेले होते. एकीत एक, दुसरीत तीन दाण्यांचा गोळा. म्हणजे आदल्या दिवशी काय झालं ते स्पष्ट होतं. गच्च भरलेल्या पुंगळीत असा गोळा राहिला तर दारूला जागा कमी पडते, दाब वाढतो आणि पितळ बुडाशी फुटतं.

मी तार घालून ते दाणे काढले, पुंगळ्या धुतल्या आणि वाळत ठेवल्या. सवयीने केलं की भीतीने, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. घाण झालेली पुंगळी मी नेहमीच धुतो.

चौथ्या दिवशी कंपनीची चौकशी समिती बसली. तिघं जण. प्रश्न देशमाने विचारत होते. रायफल फुटली ती काडतुसाच्या चुकीने की नळीत काही अडकलेलं असल्याने, एवढाच मुद्दा होता. दुसऱ्या कारणात कंपनीच्या काडतुसाचं नाव शाबूत राहत होतं.

"तात्या, नळीत पाकळी, चिंधी असं काही राहिलं तर असा स्फोट होऊ शकतो का?"

"होऊ शकतो."

"म्हणजे ती शक्यता नाकारता येत नाही?"

"नाकारता येत नाही."

"तेवढंच लिहून द्या."

तांदळाचं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. मी ते एक वाक्य लिहिलं, खाली सही केली. शुद्धलेखनाची चूक नव्हती. तांत्रिक चूकही नव्हती.

समितीने निष्कर्ष काढला की नेमबाजाने नळी न तपासता गोळीबार केला. सुजाताला नोकरीवरून काढलं. बारामतीच्या प्रशिक्षण केंद्राने अहवाल मागवला, वाचला आणि तिच्याशी चाललेलं बोलणं थांबवलं. स्वतःची रायफल न तपासणारीच्या हातात कुणी पोरं देत नाही. त्यांच्या जागी मीही दिली नसती.

महिन्याभराने मी सल्लागारपद सोडलं. देशमान्यांनी निरोपसमारंभ करू म्हटलं.

उन्हाळ्यात मला टपालाने एक पाकीट आलं. आत अहवालाची प्रत होती. चिठ्ठी नव्हती. एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती आणि ते वाक्य माझं होतं. मी पाकीट पुस्तकांच्या मागे ठेवलं. बायको रोज तिथे झाडायला लागली आणि रोज पाकीट टेबलावर ठेवायला लागली. एक दिवस म्हणाली, "जावा की एकदा. काय खाती का ती तुमाला?"

पळसदेवला गेलो तेव्हा उजनीचं पाणी उतरलं होतं. जुनं देऊळ उघडं पडलं होतं आणि फोटो काढायला आलेल्यांच्या गाड्या लागल्या होत्या. सुजाताचं घर त्या रस्त्यावरून आत. ती भेंडीच्या वाफ्यात होती, तोडलेली भेंडी डाव्या हाताने छातीशी धरलेल्या पाटीत टाकत होती. मला बघून थांबली नाही.

"या तात्या. बसा तितं सावलीला."

मी बसलो नाही. "सुजाता, नळीत काही नव्हतं. माझ्या पुंगळीत तांदूळ होता."

तिने ओळ संपवली. मग म्हणाली, "कवा कळलं?"

"दुसऱ्या दिवशी."

"आन लिहून कवा दिलं?"

"चौथ्या."

"मग मधी काय करत हुता?"

तिची आई घरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि आत जाऊन चहा ठेवला. कोण आलंय ते तिला माहीत असावं, कारण तिने विचारलं नाही.

"मी दावा लावलाय बारामतीला," सुजाता म्हणाली. "नोकरीचं राहू द्या. त्या कागदावरचं माझं नाव पुसून पायजे. तितं ईऊन सांगाल?"

"सांगेन."

"सगळं?"

"सगळं."

मी सगळं सांगितलं. कोर्टात उभं राहून तांदूळ, ठोकळा, दहा मिनिटं, लिव्हरची करकर, सगळं. हाताला कळलं होतं हेही सांगितलं. न्यायाधीश लक्ष देऊन ऐकत होते. मग कंपनीचे वकील उठले. तरुण होते, नम्र होते.

"तात्यासाहेब, तांदूळ सापडलेल्या त्या दोन पुंगळ्या कुठे आहेत?"

"धुतल्या."

"कुणी?"

"मी."

"नळीत काही असण्याची शक्यता नाकारता येत नाही, हे वाक्य तुमचं आहे?"

"माझं आहे."

"तेव्हा ते खोटं होतं का?"

सुजाता समोरच्या बाकावर बसली होती. खोटं होतं असं म्हणायला मी तयार होतो, पण ते खरं नव्हतं. नळी मी पाहिली नव्हती. ज्याने नळी पाहिली नाही त्याला ती शक्यता नाकारता येत नाही.

"खोटं नव्हतं," मी म्हणालो.

"त्या दिवशी यांनी नळी तपासली, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?"

"नाही."

"तुम्ही त्या वेळी काय करत होता?"

"सत्कार घेत होतो."

मागे कुणीतरी हसलं. वकिलांनी मान लववली आणि ते बसले.

निकाल पुढे चार महिन्यांनी लागला. दावा फेटाळला. माझी साक्ष नंतर सुचलेली आणि पुराव्याशिवायची आहे, असं त्यात म्हटलं होतं. अपील करायचं नाही असं तिने ठरवलं आहे. तो कागद आहे तसा आहे, आणि त्यावर तिचं नाव आहे.

साक्ष झाली त्या दिवशी आम्ही बरोबरच कोर्टाच्या पायऱ्या उतरलो. शेवटच्या पायरीवर ती बोलली. डोक्यावरचा पदर सारखा करत, सहज विचारावं तसं.

"तात्या, मी नळी उजेडाला धरून बघती ना, तवा मोठ्यांदा म्हणती, साफ हाय. एकटी असले तरी म्हणती. एनसीसीतली सवय. त्या दिवशी बी म्हणले हुते. मधी नुसती पत्र्याची भिंत हाय. तुमाला ऐकू आलं न्हाय का?"

"नाही आलं," मी म्हणालो. "त्या वेळी माझ्यावर भाषण चाललं होतं."

तिने मान हलवली आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली.